नळी धरणारी

किनाऱ्यावरच्या त्या वस्तीत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला नळीवालीच म्हणायचे. वर तिची थट्टाही करायचे, कारण पाण्यावर असो की घरात, तिच्या हाताला सारखं काहीतरी धरायला लागायचं. दुकानात उभी राहिली की गल्ल्याजवळ लोंबणारी सुतळी धरायची. लेकीची वेणी घालून झाली तरी शेपटा सोडायची नाही. लेक वैतागायची, "आई, सोड की आता! मी काय समुद्रात चाललेय?" ती ओशाळून सोडायची, आणि जरा वेळाने बघावं तर बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत असायची.

तिचं सगळं आयुष्य कथलाच्या आसपासच गेलं. माहेरच्या घरामागे कंपनीची उघडी खाण होती. डोंगराचा लचका तोडावा तसा भला मोठा खड्डा, आणि त्याच्या तळाचं पाणी उपसणारे पंप. वडील पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खाणीची कड फोडायचे. आई खाली ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लाकडी परातीत वाळू धुवायची. कथलाची वाळू काळी आणि जड असते. परात गोल फिरवली की पांढरी वाळू पाण्याबरोबर निघून जाते, काळी तेवढी तळाशी बसते. पंपांची घरघर दिवसभर चालायची आणि त्या आवाजाकडे कुणाचं लक्षही नसायचं. घरघर थांबली की मात्र घराघरांतल्या बायका चुलीवरचं तसंच टाकून दारात यायच्या. कड तर नाही ना ढासळली? तिने आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना इतक्यांदा पाहिला होता, की भीती म्हणजे आवाज बंद होणं, हे तिला बोलायला लागायच्या आधीच समजलं असावं.

मग कथलाचा भाव पडला. कुठल्या बाजारात पडला, कुणी पाडला, ते वस्तीत कुणालाच कळलं नाही. कळलं ते एवढंच, की कंपनीच्या फाटकाला कुलूप लागलं आणि पंप उचलून नेले. खड्डा पाण्याने भरला. पाणी हिरवंगार, दिसायला सुंदर, आणि मासा एक नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी भाव पुन्हा चढला. जगात जितके फोन, जितके रेडिओ, तितका आतल्या तारा जोडायला डाख लागतो, आणि डाख म्हणजे कथील. पण आता जमिनीवर उरलं होतं काय? होतं ते समुद्रात. कुठल्या काळी नद्यांनी वाहून नेलेली काळी वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तळाशी गाळाखाली पडून होती. ती काढायला माणसं तराफे घेऊन निघाली. पत्र्याची पिंपं, त्यांवर फळ्या, फळ्यांवर दोन इंजिनं. एका इंजिनावर वाळू ओढणारा जाड पाइप, दुसऱ्यावर हवेचा कॉम्प्रेसर. पाणबुड्या हवेची बारीक नळी कमरेला एक वेढा देऊन दातांत धरायचा आणि खाली उतरायचा, तळाशी उभा राहून जाड पाइपाचं तोंड वाळूत खुपसायचा. वर आलेला गाळ उतरत्या पन्हळीवरून वाहायचा आणि पन्हळीत अंथरलेल्या जुन्या सतरंजीत काळी वाळू अडकून राहायची.

तिचा नवरा असा पाणबुड्या होता. घरात दोघे भाऊ, त्यामुळे सगळे त्याला थोरला म्हणत आणि दिराला धाकटा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत थोरल्याने तिला तराफ्यावर नेलं आणि हवेची नळी तिच्या हातात दिली.

"दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन मला खाली चैन पडत नाही," तो म्हणाला. "एक झटका म्हणजे मी बरा आहे. दोन म्हणजे नळी सैल सोड. तीन म्हणजे ओढ."

"आणि झटकाच आला नाही तर?"

"येईल गं. मी असताना येणार नाही असं होईल का?"

त्या बोलण्यात काही अर्थ नव्हता हे दोघांनाही कळलं आणि दोघंही हसली.

तेव्हापासून तिची सकाळ म्हणजे पाण्यात गेलेली पिवळी नळी आणि तिच्यावर टेकलेली बोटं. नळी कधी सैल, कधी ताठ. आत हवा धडधडायची ती बोटांना कळायची. थोरला हलला की कळायचं, दमला की कळायचं. इंजिन बघणारा एक वयस्कर माणूस होता, त्याला सगळे मामा म्हणत. मामा बोलघेवडा. तो गप्पा मारायचा आणि ती हं हं करायची, पण त्यातला एक शब्द तिच्या कानांत शिरायचा नाही. कॉम्प्रेसरने जरा ठेका चुकवला की मान तिकडे वळायची. डिझेलला वास वेगळा आला तरी वळायची. मामा म्हणायचा, "अगं, इतकी काळजी केलीस तर त्याच्या आधी तूच जाशील." ती म्हणायची, "चालेल."

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी समुद्र अगदी शांत होता. थोरल्याने तळाशी खणता खणता खड्डा बराच खोल नेला होता. खड्ड्याच्या भिंती वाळूच्या. वाळू चांगली काळी लागत होती म्हणून तो हटत नव्हता. एकाएकी तिच्या हातातली नळी खाली खेचली गेली, आणि मग गप्प झाली. तिने एक झटका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नळी एखाद्या खुंट्याला बांधल्यासारखी ताठ. फक्त आत हवा धडधडत होती.

"मामा, भिंत कोसळली!"

मामाने सवयीने वाळूच्या इंजिनाकडे धाव घेतली. काही बिघडलं की आधी ते बंद करायचं.

"बंद करू नका!" ती ओरडली. "पाइप त्यांच्याच हातात आहे. चालू राहू दे, वाळू ओढू दे!"

मामा थांबला. पन्हळीवरून गाळ धो धो वाहत होता, काळा, दाट, कधी आला नव्हता इतका. एरवी तो बघून दोघं नाचली असती. आता ती नळी धरून बसली होती आणि आत धडधडणारी हवा त्याच्या छातीत जातेय की वाळूत, एवढंच तिला कळत नव्हतं. ओढावं, तर नळी दातांतून निसटेल. न ओढावं, तर? मामा शेजारच्या तराफ्याला हाका मारत होता. तिकडचा पाणबुड्या पाण्याबाहेर होता. तो नळी लावून उतरेपर्यंत तिला वाटलं आपण म्हातारी झालो.

मग नळी हलली. अगदी किंचित. मग एकदम सैल पडली आणि तीन झटके आले, एकावर एक, घाबरेघुबरे.

तिने ओढलं. अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून, हातांवर हात टाकत, मामालाही ओढायला लावून तिने नवऱ्याला वर आणलं. थोरला जिवंत होता. खोकत होता, थुंकत होता, हसायचाही प्रयत्न करत होता. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिला रडू फुटलं.

दुपारपर्यंत त्याचे पाय गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की खूप वेळ खोल राहिलेल्या माणसाला असं झपकन वर आणलं तर रक्तात हवेचे बुडबुडे होतात. सावकाश आणायचं असतं, थांबत थांबत. ते तिच्यावर ठपका ठेवत नव्हते. उलट म्हणाले, "तुम्ही ओढलं नसतं तर ते आज इथे नसते." पण तिने त्यातलं पहिलंच वाक्य उचललं आणि जन्मभर उराशी धरून ठेवलं.

थोरला सावरला, पण अर्धाच. भिंतीला धरून चालायचा, उजवा पाय फरफटत. तिच्यावर तो कधी चिडला नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. सासू मात्र कित्येक दिवस तिच्याशी धड बोलली नाही. तशी ती खाष्ट बाई नव्हती. पोटचं पोर डोळ्यांसमोर फरफटताना बघायचं, तर राग कुणावर तरी काढावाच लागतो.

घर चालायला हवं होतं. धाकटा आधी बाजारात मासळीच्या पेट्या उचलायचा. त्याने एके सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, "दादाच्या जागी मी उतरतो. तराफावाल्याशी बोलून आलोय."

थोरला खिडकीबाहेर बघत राहिला.

"नळी वहिनीच धरतील," धाकटा म्हणाला. "दुसरं कुणी नको."

तिने कपबशी खाली ठेवली. "भाऊजी, मला नका सांगू. दुसरं कुणीही धरेल."

"दुसरं कुणी विडी ओढत बसतं, वहिनी. मी बघितलंय."

निघताना सासू तिच्यामागून दारापर्यंत आली. खूप दिवसांनी तिने सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "एक पोरगा अर्धा परत आणलास. हा मला पूर्ण आण."

हे वाक्य घेऊन ती तराफ्यावर गेली आणि ते तिच्या मानगुटीवरून उतरलं नाही. थोरल्याच्या वेळी जी काळजी होती ती आताच्यापुढे काहीच नव्हती. तेव्हा निदान काय होऊ शकतं हे ठाऊक नव्हतं. आता ती दर थोड्या वेळाने झटका द्यायची. धाकटा वर आल्यावर कावायचा, "वहिनी, खाली काम करू की तुमच्या चौकशांना उत्तरं देऊ?" ती म्हणायची, "दोन्ही करा." त्याला वर आणताना ती मध्येमध्ये थांबायची, नळी घट्ट धरून ठेवायची, मनाशी एक जुनं गाणं पूर्ण म्हणायची आणि मग पुढे ओढायची. मामा ताटकळायचा.

असे दोन पावसाळे गेले. धाकट्याचं लग्न ठरायचं घाटत होतं. आणि तेव्हाच त्यांना ती जागा सापडली. तळाशी एका दगडी कपारीच्या पायथ्याशी काळी वाळू नुसती थरांनी होती. पन्हळीतल्या सतरंज्या झटकता झटकता मामाचे हात दुखायला लागले. तराफावाला स्वतः होडीतून बघायला आला आणि खुशीने मामाच्या पाठीवर थाप मारून गेला. धाकटा तर हवेतच होता. "वहिनी, असंच राहिलं तर मी पुढच्या वर्षी पाण्यात पायसुद्धा घालणार नाही. किनाऱ्यावर दुकान टाकतो की नाही बघा."

तिला मात्र काहीतरी खुपत होतं. खड्डा रोज खोल जात होता. नळी रोज हातभर जास्त सोडावी लागत होती. आणि पन्हळीवरच्या गाळात अधूनमधून पांढऱ्या वाळूचे लोट यायला लागले होते, एकदम, न सांगता, आणि पुन्हा बंद. तळाची वाळू तर काळी. मग ही पांढरी कुठून येतेय? वरून, भिंतीतून. भिंत थोडी थोडी सुटतेय.

तिने मामाला विचारलं. मामाने गाळ बोटांत चोळून बघितला, खांदे उडवले. "असेल. नसेलही. समुद्रात वाळूच येणार, दुसरं काय येणार?"

तेवढ्यात पुन्हा एक पांढरा लोट आला, आधीच्यापेक्षा मोठा. तिने नळीला तीन झटके दिले. वर ये.

खालून एक झटका आला. मी बरा आहे.

तिने पुन्हा तीन दिले. पुन्हा एकच आला, जोरात, चिडून. तिला त्याचा चेहरा दिसल्यासारखा झाला. मग तिने कधी केलं नव्हतं ते केलं. मामाला वाळूचं इंजिन बंद करायला सांगितलं. पाइपच चालेना म्हटल्यावर धाकट्याला खाली काही काम उरलं नाही. नळी सैल झाली. तो निघाला होता.

आणि मग सावकाश. हे सगळ्यांत वाईट होतं. खाली भिंत, जी आत्ता कोसळेल की मग कोसळेल कोण जाणे, आणि तिला थांबायचं होतं. थोडं ओढायचं, थांबायचं, गाणं म्हणायचं. गाण्याचे शब्द विसरायला झाले. एका कडव्यातून ती भलत्याच कडव्यात गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात सोडला नाही. मामा शेजारी उकिडवा बसून तिच्याकडे बघत होता.

धाकटा वर आला तो धडधाकट. त्याने दातांतली नळी काढून फेकली.

"काय झालं? इंजिन बिघडलं?"

"नाही. मी बंद करायला लावलं. भिंत सुटतेय."

"कुणी सांगितलं?"

"पांढरी वाळू येत होती."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. "पांढरी वाळू? वहिनी, खाली मी होतो. भिंत माझ्या डोळ्यांसमोर होती. काही झालेलं नाही तिला!"

"खाली गाळात तुम्हाला स्वतःचा हात तरी दिसतो का, भाऊजी?"

"मी पुन्हा उतरतोय."

"मी नळी धरणार नाही." तिने नळीचं वेटोळं मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "आणि या तराफ्यावर दुसरं कुणी धरायला नाही."

त्याने मामाकडे बघितलं. मामा इंजिनाचं झाकण पुसायला लागला.

संध्याकाळपर्यंत तराफावाल्याला कळलं. तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "तुम्हाला भीती वाटते ना, मग ठीक आहे," आणि ती जागा दुसऱ्या तराफ्याला दिली. त्या तराफ्याने तिथे काम केलं. दिवसामागून दिवस केलं. ती किनाऱ्यावरून बघायची. मनात धाकधूक, आज कोसळेल, आज कोसळेल. आणि त्यातच एक अशी गोष्ट होती जी तिने कुणापुढे कबूल केली नसती. तिला वाटायचं, एकदा कोसळू दे, खाली कुणी नसताना, रिकाम्या खड्ड्यावर, म्हणजे मी खरी ठरेन. असा विचार आला की ती स्वतःवरच शहारायची.

भिंत कोसळली नाही. त्या तराफ्याने जागा पार रिकामी केली आणि पुढे गेला. त्यांच्या पाणबुड्याने नवी मोटरसायकल घेतली आणि वस्तीतून दोनदा फिरवली.

धाकटा तिच्याशी बोलेना. त्याने दुसरा तराफा धरला, दुसऱ्या माणसाच्या हातात नळी दिली. घरात तो जेवायला बसला की ती वाढायची, तो मान वर करायचा नाही. सासूही गप्प. थोरला एकटाच एकदा म्हणाला, "अगं, तू केलंस ते बरोबर की चूक, ते मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी धाकट्याच्या जागी मी वर येत असतो ना, तर तू थांबून थांबून आणावंस असं मला वाटलं असतं." तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने पाय हाताने उचलून दुसरीकडे ठेवला आणि विषय बदलला.

आता ती घरी असायची, आणि काळजी कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. हातात नळी होती तेव्हा निदान हवा कळत होती. आता किनाऱ्यावरून कितीतरी इंजिनांचा एकच गलका ऐकू यायचा आणि त्यातलं धाकट्याचं कुठलं, ते ओळखता यायचं नाही. भात चुलीवर टाकायचा, दाराशी यायचं, परत जायचं. सासूही यायची. दोघी दारात उभ्या राहायच्या, एकमेकींकडे न बघता. असंच उभं असताना एकदा सासू म्हणाली, "मला तेव्हा तसं बोलायला नको होतं."

"असू दे, आई."

"नाही, ऐक. पूर्ण आण म्हटलं मी. तू पूर्णच आणलास की. आता तो रुसला म्हणून तू का तोंड लपवतेस?"

त्या दिवशी जेवताना तिने धाकट्याला स्वतःहून विचारलं, "नळी कोण धरतं तुमची?"

त्याने घास गिळला. मग म्हणाला, "आहे एक जण, पण धरत नाही. खुंटीला बांधतो, आणि झोपतो." आणि ताटात बघत पुढे म्हणाला, "परवा मी तीन झटके दिले. कुणी ओढलंच नाही. माझा मीच वर आलो."

सासूच्या हातातला डाव भांड्यात पडला.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. हवा संपत आली होती." तो एवढं हळू बोलला की थोरल्याला पुढे वाकून ऐकावं लागलं. "वहिनी, उद्या याल का?"

घरात सगळे तिच्याकडे बघत होते. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. कुणीच जाऊ नये, कुणाचीच नळी कुणी धरू नये, सगळ्यांनी किनाऱ्यावर मासळीच्या पेट्या उचलाव्यात. पण मासळी तरी कुठे राहिली होती? तराफ्यांच्या गाळाने किनाऱ्याजवळचं पाणी चहासारखं झालं होतं. पेट्या उचलणारेच आता पाणबुडे झाले होते.

"येईन," ती म्हणाली. "पण मी ओढलं की वर यायचं. वर आल्यावर हवं तेवढं भांडा. खाली असताना नाही."

"कबूल."

"आणि पट्टा नवा. आणि काम मामांच्या तराफ्यावर. बाकी कुठे मी येणार नाही."

"कबूल म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मामाने तिला बघितलं आणि बसायचं पिंप पुसून दिलं. तिने नवा पट्टा दोनदा दाबून बघितला. नळी सगळी उलगडून, हातभर हातभर तपासून, पुन्हा गुंडाळली. धाकटा कमरेला शिशाची वजनं बांधून ताटकळत उभा होता.

"झालं का, वहिनी? ऊन डोक्यावर आलं."

"येऊ दे."

तो उतरला. नळी तिच्या बोटांवरून सरकत गेली आणि थांबली. थोड्याच वेळाने तिने झटका दिला. उत्तर आलं. जरा वेळाने पुन्हा दिला. पुन्हा आलं, या वेळी चांगलंच जोरात. मामा हसायला लागला.

"शिव्या देतोय खाली."

"देऊ दे," ती म्हणाली, आणि तिने पन्हळीवरच्या गाळावरची नजर हलवली नाही.